माफीचा पंचनामा

लातुरात औसा रोडच्या आतल्या गल्ल्यांमध्ये खोली घेऊन ज्यांनी बारावी काढली, त्यांतल्या पुष्कळांनी शिवम्माच्या हातची भाकरी खाल्ली असेल. आज डॉक्टर-इंजिनिअर झालेल्या त्या पोरांना ती आठवते की नाही, कोण जाणे. आठवलीच तर भाकरीबरोबर तिची बोलणीही आठवतील. डबा अर्धा परत आला की ती खोलीच्या दारात उभी राहून पोराला फैलावर घ्यायची. "बापानं शेतात राबून धाडलंय तुला इथं, आन तू भाकर टाकतूस?" बाई पहिल्यापासूनच तापट. पण तापट असणं वेगळं, आणि एकच गोष्ट मनात धरून वर्षानुवर्षं धुमसणं वेगळं. हे दुसरं तिला एका पोलीस जमादाराच्या कागदाने शिकवलं.

त्याआधी तिला राग धरायला माणूसच मिळाला नव्हता. ती औसा तालुक्यातल्या तेरणेकाठच्या एका गावची. घर लिंगायताचं, दगडमातीच्या हातभर रुंद भिंती, वर मातीचं जड माळवद. त्र्याण्णव साली गणपती बुडवून लोक दमून निजले आणि पहाटे त्याच भिंती अंगावर आल्या. शिवम्मा आणि तिची लहानगी लेक महादेवी दाराशी निजल्या होत्या म्हणून बाहेर पडल्या. नवरा शिवप्पा आत राहिला.

दुपारी लातूरहून एका टेम्पोतून माणसं आली. कुणाच्या हातात फावडं, कुणाच्या हातात पहार. त्यांत एक खाजामियाँ होता. लातूरच्या जुन्या वस्तीतला रिक्षावाला, उंचापुरा, दाढी तेव्हा काळी. त्याचं या गावात कुणी नव्हतं. रिक्षा घराला लावून, पहार उचलून तो निघाला होता, इतकंच. संध्याकाळपर्यंत तो आणि आणखी दोघं शिवप्पाच्या घराचे दगड उपसत राहिले. शिवप्पा सापडला, पण संपलेला. खाजामियाँ हात पुसत शिवम्मासमोर आला आणि मान खाली घालून म्हणाला, "आक्का, माफ करा. खता झाली आमची. उशीर झाला यायला."

पुढे सरकारी माणसं आली, पंचनामे झाले, मदत मिळाली, राहायला पत्र्याचं शेड मिळालं. चूक कुणाची, हे मात्र कुणी विचारलं नाही, आणि विचारून तरी काय उपयोग? शिव्या घालायच्या त्या कुणाला? दगडांना? ज्याने काहीच केलं नव्हतं अशा एका परक्या माणसाने तेवढी माफी मागितली. ती माफी शिवम्माने कुठेतरी जपून ठेवली.

पत्र्याच्या शेडमध्ये जीव रमेना तेव्हा ती लेकीला घेऊन लातूरला आली. खाजामियाँने आपल्या घरामागची खोली तिला मिळवून दिली. त्याची बायको सालेहा बोलायला तिखट आणि मनाने मऊ. दोघी बायकांचं पहिल्याच आठवड्यात भांडण झालं, दुसऱ्या आठवड्यात एकमेकींच्या घरी कालवणं जाऊ लागली. त्याच सुमारास लातूरला क्लासेसचं वारं लागलं होतं. बोर्डाच्या यादीत इथली पोरं झळकली, पेपरांत फोटो आले, आणि नांदेड, उदगीर, लोहा, धर्माबाद, कुठून कुठून आईबाप आपापली पोरं आणून इथे सोडू लागले. ज्याच्या घराला एक जादा भिंत होती त्याने खोली काढली. ज्याला गणित येत होतं त्याने क्लास काढला, आणि ज्याला येत नव्हतं त्यानेही काढला. शिवम्माला भाकरी येत होती. तिने मेस काढली.

महादेवी हुशार निघाली. क्लास लावायची ऐपत नव्हती, म्हणून मेसच्या पोरांच्या जुन्या नोट्स घेऊन अभ्यास करायची. अकरावीला सायन्स घेतलं तेव्हा शिवम्मा सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली होती, "माझी पोरगी दवाखाना काढती का न्हाई बघा." दुपारचे डबे खाजामियाँच्या रिक्षातून खोल्याखोल्यांवर जात. मायलेकी पहाटेपासून राबत. शिवम्माचे दोन्ही हात परातीवर फिरू लागले की बघणाऱ्याला वाटावं, भाकरी आपोआप मोठी होते आहे.

खाजामियाँची माफीची सवय गल्लीत सगळ्यांना ठाऊक होती. त्याच्या बापाचा टांगा होता, आणि बापाने त्याला शिकवलेलं की गाडीत बसलेला माणूस आपला मेहमान. त्याला ठेच लागली, ऊन लागलं, उशीर झाला, काहीही झालं तरी खता आपली. त्यामुळे रस्त्यात खड्डा आला की खड्डा पाडणाऱ्यांऐवजी हाच मागे वळून माफी मागायचा. सालेहा त्याची थट्टा करायची. "हे तर दुसऱ्याची गाय आडवी आली तरी गायीच्या वतीनं माफी मागतात."

महादेवी बारावीत गेली त्या जूनमध्ये बोर्डाचा निकाल लागला. व्यंकट सरांच्या क्लासचा एक मुलगा बोर्डात आला. या व्यंकट सरांचा फोटो तेव्हा लातुरातल्या निम्म्या भिंतींवर होता, विद्यार्थ्यांच्या फोटोंपेक्षा मोठा. उघड्या जीपमध्ये त्या पोराला उभं करून मिरवणूक निघाली. हलगी, गुलाल, फटाके. सर स्वतः आपली पांढरी गाडी चालवत मागून येत होते. चौकात सत्काराचा मांडव होता, पाहुणे येऊन बसले होते, आणि सरांना मिरवणुकीच्या आधी तिथे पोचायचं होतं.

समोरून मिरवणूक दिसली तशी खाजामियाँने रिक्षा डाव्या कडेला घेतली आणि इंजिन बंद केलं. मागे शिवम्मा डब्यांच्या पिशव्या सांभाळत बसली होती. पांढरी गाडी मिरवणुकीला वळसा घालून उलट्या बाजूने सुसाट आली. आडवा एक सायकलवाला आला, त्याला चुकवायला सरांनी गाडी दाबली, ती थेट उभ्या रिक्षाच्या उजव्या अंगावर. रिक्षा गरकन फिरली, रस्त्याच्या मधोमध जाऊन कलंडली. शिवम्माचा उजवा कोपर लोखंडी दांडी आणि रिक्षाचा टप यांच्यामध्ये सापडला.

आता नीट ऐका. व्यंकट सर खाली उतरले. त्यांनी आधी गाडीचा बंपर बघितला. मग रिक्षाकडे बघितलं. तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, सर, तुम्ही पुढं व्हा, पाहुणे थांबलेत. सर दुसऱ्या कुणाच्या मोटरसायकलवर बसून सत्काराला गेले. हार घालून घेतला, भाषण केलं. भाषणात म्हणे शिस्तीवर भर होता.

इकडे खाजामियाँ कपाळातून रक्त गळत असताना शिवम्माला बाहेर ओढत होता. सांडलेल्या वरणात गुडघे टेकून त्याने तिचं डोकं मांडीवर घेतलं आणि रडत तो एकच बोलत राहिला. "आक्का, माफ करा. खता झाली माझी. माझ्या गाडीत लागलं तुम्हाला. चूक माझी हाय, आक्का." भोवती गुलालाने माखलेली गर्दी उभी होती. सगळ्यांनी ऐकलं.

जमादार आला तेव्हा त्याने गर्दीला विचारलं, काय झालं? गर्दी बहुतेक क्लासचीच. पालक, पोरं, सरांचे नोकर. कुणीतरी म्हणालं, रिक्षावालाच सांगत होता चूक माझी म्हणून. दुसऱ्याने मान डोलावली. जमादाराने पंचनाम्यात लिहिलं की रिक्षाचालकाने जागेवरच चूक कबूल केली. रिक्षा रस्त्याच्या मधोमध आहे, असा नकाशाही काढला. ती तिथे कशी गेली हे कुणी विचारलं नाही, म्हणून लिहिलंही नाही. त्या सगळ्या कागदात शोधूनही एक खोटं वाक्य सापडत नाही. तळपायाची आग मस्तकात जाते ती यानेच. खोटं लिहिलं असतं तर खोडता तरी आलं असतं.

आणि त्यावर शेवटचा खिळा ठोकला तो शिवम्मानेच. दवाखान्यात हाताला सळ्या घातलेल्या, डोळ्यांवर औषधाची गुंगी, अशात जमादार जबाब घ्यायला आला.

"रिक्षावाला काय म्हणत होता, बाई?"

"माफी मागत होता बिचारा," शिवम्मा म्हणाली. "देवमाणूस हाय."

जमादाराने माफी लिहिली. बिचारा आणि देवमाणूस लिहायला त्याला बहुतेक जागा पुरली नाही. डाव्या हाताचा अंगठा घेऊन तो निघून गेला.

हे सगळं तिला कळलं ते दयानंद वकिलांच्या खोलीत. दयानंद वकील तसे वाईट गृहस्थ नव्हते. अपघाताचे दावे चालवून चालवून माणूस थकतो तसे थकलेले होते. त्यांनी पोलिसांचे कागद मिळवून, तिला समोर बसवून मोठ्याने वाचले. 'जखमी महिलेनेही सांगितले की चालक माफी मागत होता' या ओळीवर शिवम्माने त्यांना थांबवलं.

"ह्ये मी बोलले. पर ह्या अर्थानं न्हाई बोलले."

"अर्थ कागदावर येत नाही, आक्का," वकील म्हणाले. मग त्यांनी तिला सरळ मार्ग सांगितला. पोलिसांनी गुन्हा खाजामियाँवर दाखल केलेला आहे. आपणही तेच धरून चालू. चूक रिक्षावाल्याची, एवढंच तुम्ही म्हणायचं. रिक्षाचा विमा आहे, विमा कंपनी भरपाई देईल, लोकअदालतीत लवकर मिटेल. मोठ्या माणसाला अंगावर घेतलं तर वर्षं जातील.

"आन खाजाभाईचं काय?"

वकिलांनी चष्मा काढला. प्रवासी रिक्षात डबे वाहायचा परवाना नसतो. कंपनी तुम्हाला पैसे देईल आणि मग परवाना मोडला म्हणून ते खाजामियाँकडून वसूल करेल. त्याच्याकडे दुसरं काही नसेल तर रिक्षा जाईल.

म्हणजे हिशेब स्वच्छ होता. ज्याने धडक दिली तो कागदात कुठेच नव्हता. ज्याने तिला उचललं त्याची रिक्षा विकून तिचा हात भरून निघायचा होता. आणि त्यासाठी तिने फक्त एक वाक्य बोलायचं होतं.

ते वाक्य किती सोपं होतं, हे तिची घरची दशा बघितल्याशिवाय कळणार नाही. कोपर जोडला गेला पण वाकेना. डॉक्टरांनी अपंगत्व चाळीस टक्के लिहिलं. शिवम्माने त्यांना विचारलं होतं, "साहेब, उरलेल्या साठ टक्क्यात भाकर होती का?" डॉक्टर हसले. ती हसायला विचारत नव्हती. भाकरीला एक हात चालत नाही. महादेवीने बारावीची पुस्तकं पेटीत ठेवली आणि परात पुढे ओढली. ही बातमी तिने आईला सांगितलीसुद्धा नाही. एका पहाटे थापण्याचा आवाज ऐकून शिवम्मा उठली आणि बघते तर पोरगी भाकऱ्या करते आहे, कॉलेजची वेळ झाली तरी करतेच आहे. पैसे लवकर आले असते तर एक बाई कामाला ठेवता आली असती आणि पोरगी परीक्षेला बसली असती. सगळं त्या एका वाक्यावर अडलं होतं.

त्या संध्याकाळी ती मागच्या दाराने खाजामियाँच्या घरी गेली. तो कपाळावर जखमेचा वण घेऊन बसलेला. तिने वकिलांचं बोलणं सांगितलं. तो सगळं ऐकून म्हणाला, "म्हणा तसं, आक्का. पोरीचं वरीस जाईल. रिक्षाचं काय, दुसऱ्याची चालवीन."

शिवम्मा भडकली. "तुमच्या ह्या बोलण्यानंच घात केला. कोण म्हणलं होतं तुम्हाला चूक माझी, चूक माझी म्हणा म्हणून?"

"तुम्ही विव्हळून राहिल्या होत्या, आक्का," खाजामियाँ गरिबासारखा म्हणाला. "तवा आन काय म्हणायचं असतं?"

सालेहा चुलीपाशी पाठ करून बसली होती. ती वळलीच नाही. नुसती म्हणाली, "कोर्टातून सांगावा आलाय. गुन्हा कबूल करा, थोडका दंड भरा, मोकळे व्हा म्हणतात. उद्या जाणार हायेत हे."

शिवम्मा उभी राहिली. "खबरदार, खाजाभाई. एकदा कबूल केलंत तेवढं बास झालं. उद्या तिथं जाऊन मान हलवलीत तर ह्या घरचं पाणी मी पिणार न्हाई." खाजामियाँने कबूल केलं नाही. आणि शिवम्मानेही दयानंद वकिलांकडे जाऊन सांगितलं की दाव्यात पांढरी गाडी आली पाहिजे, गाडीचा मालक आला पाहिजे, नाहीतर दावा नको. वकिलांनी कागद पुढे ओढला. भूकंपाच्या वेळी राग कुणावर काढायचा ते तिला कळलं नव्हतं. या वेळी नाव, गाव, गाडीचा नंबर, सगळं होतं. तो राग ती अशी सहजासहजी सोडणार नव्हती.

मग तारखा सुरू झाल्या. कधी सरांचे वकील आले नाहीत, कधी कंपनीचे. सरांच्या क्लासला मजला चढला. मेसमध्ये त्यांच्याच क्लासची पोरं जेवायला येत. शिवम्मा एकदा म्हणाली की त्यांना डबे बंद करा. महादेवी भाकरी उलटताना म्हणाली, "अव्वा, पोरांनी काय केलंय?" डबे चालू राहिले. त्या वर्षी महादेवीच्या वर्गातल्या मुली पुण्या-मुंबईला गेल्या. पुढच्या वर्षी तिने पुस्तकं रद्दीत घातली नाहीत, पण पेटीतून काढलीही नाहीत.

अखेर शिवम्मा साक्षीला उभी राहिली. सरांच्या गाडीच्या विमा कंपनीचे वकील गोड बोलणारे होते. आधी त्यांनी तिच्या मेसचा समाचार घेतला. परवाना आहे का? नाही. हिशेब ठेवले आहेत का? नाही. मग तुम्ही घरकाम करणाऱ्या बाई, असंच ना? शिवम्मा म्हणाली, "घर माझं, काम माझं, आन जेवत होती सत्तर पोरं. तुमच्या घरी इतकी माणसं हायत का?" न्यायाधीशांनी तिला विचारलं तेवढंच बोलायला सांगितलं. मग वकील मुद्द्यावर आले.

"अपघात झाल्यावर रिक्षावाल्याने तुमची माफी मागितली होती, हे खरं आहे?"

"खरं हाय."

"चूक माझी आहे, असं तो म्हणाला?"

"म्हणला."

"हे तुम्ही पोलिसांना सांगितलं होतं?"

"सांगितलं."

वकिलांनी न्यायाधीशांकडे बघून मान तुकवली. त्यांचं काम झालं होतं. खाली बाकावर व्यंकट सर मोबाइलशी चाळा करत बसले होते. खाजामियाँ भिंतीला टेकून उभा होता, टोपी हातात घेऊन. आणि शिवम्मा, जिला विचारलं तेवढंच बोलायचं होतं, ती न विचारलेलं बोलली.

"साहेब, ह्या माणसानं मला दोनदा माफी मागितली. पहिल्यांदा भूकंपात. माझ्या मालकाला दगडाखालून ह्यानं काढलं. मेलेले निघाले. तवा बी ह्यो म्हणला, आक्का माफ करा, खता झाली. आता तुम्ही लिवा, भूकंप खाजामियाँनं केला. साक्षीला मी हाय. मी माझ्या कानानं ऐकलंय."

लिहिणाऱ्या बाईंचे हात थांबले. कंपनीचे वकील काहीतरी हरकत घ्यायला उठले. शिवम्माने त्यांच्याकडे बघितलंच नाही, बाकावरच्या सरांकडे बघितलं.

"ज्यानं धडक दिली त्यानं एक सबूद काढला न्हाई. त्यो गेला हार घालून घ्यायला. म्हणून त्यो कागदात न्हाई. ज्यानं माफी मागितली त्यो कागदात हाय. म्हणजे लातुरात इथून फुडं पडलेल्या माणसाजवळ कुणी बसायचं न्हाई का? बसलं तर बोलायचं न्हाई का?"

न्यायाधीशांनी शांतपणे चूक कुणाची एवढाच मुद्दा लिहून घ्यायला सांगितला. रिक्षा कडेला उभी होती, बंद होती, गाडी उलट्या बाजूने आली, हे तिने सांगितलं आणि ते लिहिलं गेलं. भूकंप लिहिला गेला की नाही हे तिला कधीच कळलं नाही.

निकाल लागला त्या दिवशी दयानंद वकील खूश होते. त्यांच्या मते हा मोठा विजय होता. कोर्टाने गाडीवाल्याला दोषी धरलं होतं, तीन हिस्से चूक त्याची. चौथा हिस्सा मात्र रिक्षावाल्याचा, कारण जागेवर दिलेली कबुली अगदीच नजरेआड करता येत नाही.

"उभ्या रिक्षाची चौथाई चूक?" शिवम्माने विचारलं. "कशाची? उभी ऱ्हायली त्याची?"

वकिलांनी समजावलं, तीन हिस्से सरांच्या गाडीची कंपनी देईल. चौथा हिस्सा रिक्षाची कंपनी देईल आणि खाजामियाँकडून वसूल करेल. पण तुम्हाला काय, तुम्हाला पूर्ण मिळेल.

"त्यो चौथा हिस्सा मला नको."

"आक्का, हक्काचा पैसा आहे. रागाच्या भरात काही ठरवू नका."

"रागातच ठरवलंय," शिवम्मा म्हणाली. "माफी मागितली म्हणून आलेला पैसा हाय त्यो. त्यातली भाकर माझ्या घशाखाली उतरायची न्हाई. लिवून द्यायचं आसल तिथं अंगठा देते."

वकिलांनी बघू म्हटलं. आणि त्याच वेळी व्हरांड्यातून व्यंकट सर आले. आता जरा स्थूल झालेले, केस रंगवलेले. निकालाने त्यांच्या खिशाला काहीच चाट बसली नव्हती, जे द्यायचं ते कंपनी देणार होती. मोकळ्या मनाने त्यांनी हात जोडले. "झालं बरं का, मावशी. मिटलं एकदाचं. मनात काही ठेवू नका."

शिवम्मा त्यांच्या वाटेत उभी राहिली. तिचा आवाज चढला नव्हता. "सर, एक डाव म्हणा. माफ करा म्हणा. मला बाकी काही नको तुमच्याकडून."

सरांचं तोंड उघडलं होतं. खरंच उघडलं होतं. त्या क्षणी ते बोललेही असते कदाचित, इतकी ती जवळ उभी होती आणि इतका तो वाळक्या फांदीसारखा हात त्यांच्या डोळ्यांसमोर होता. पण मागून त्यांचे वकील पुढे आले, सरांच्या कोपराला धरून हळूच म्हणाले, "काही बोलू नका, सर. अपील करायचंय अजून." सरांनी तोंड मिटलं, पुन्हा हात जोडले आणि पायऱ्या उतरून गेले.

बाहेर खाजामियाँ रिक्षा घेऊन उभा होता. दाढी पांढरी झालेली. अपघातानंतर लोखंड ठोकून नीट केलेली तीच रिक्षा. शिवम्मा आत बसली. निकाल तिने त्याला सांगितला, चौथ्या हिश्श्यासकट. त्याने ऐकलं आणि मान हलवली. महादेवीचं काय करायचं ते दोघांपैकी कुणी बोललं नाही. महादेवी आता मेसची मालकीण होती, दंडात बळ आलेली, बोलायला आईसारखीच. तिला आता कुणी परीक्षेचं विचारत नव्हतं.

औसा रोडला वळताना रिक्षा खड्ड्यात आदळली. शिवम्माचा न वाकणारा कोपर त्याच लोखंडी दांडीवर आपटला, आणि ती कळवळली. खाजामियाँने रिक्षा थांबवली, सवयीने मागे वळला. त्याचे ओठ हलले. शिवम्मा वाट बघत होती. इतकी वर्षं ऐकलेला तो शब्द येणारच, असं तिला वाटलं.

तो आला नाही. खाजामियाँने ओठ मिटले आणि पुढे बघितलं.

"काय झालं, खाजाभाई?"

"काही न्हाई, आक्का." त्याने हँडल घट्ट धरलं. "माझ्या वकिलानं सांगून ठेवलंय. गाडीत कुणालाबी लागलं तरी तोंड उघडायचं न्हाई. आता जीभच उचलत न्हाई."

जमादारावर, सरांवर, त्या गोड बोलणाऱ्या वकिलावर, कोर्टाच्या चौथ्या हिश्श्यावर शिवम्मा जितकी चिडली नव्हती, तितकी ती त्या खड्ड्यापाशी चिडली. हात गेला होता, पोरीचं शिक्षण गेलं होतं, ते निदान कुठेतरी लिहिलेलं होतं. हे जे आत्ता गेलं ते कुणी लिहून घेणार नव्हतं, आणि त्याची भरपाई मागायला कोणतं कोर्टही नव्हतं. तिने डाव्या हाताने रिक्षाच्या टपावर जोरात थाप मारली.

"म्हणा," ती म्हणाली. "खाजाभाई, म्हणा. इथं कुणी लिवून घेणारा न्हाई."

मागे गाड्या हॉर्न वाजवू लागल्या होत्या. खाजामियाँ पुढे बघत राहिला. त्याचे खांदे हलत होते. मग त्याने इंजिन चालू केलं.